दिसणारं कारंजं, न दिसणारा तलाव

इंग्लंडमधल्या एका उमरावाने पाहुण्यासाठी तलाव खोदला. पाहुणा आलाच नाही. ही गोष्ट १८४४ सालची. पाहुणा होता रशियाचा झार पहिला निकोलस आणि उमराव होता डेव्हनशायरचा सहावा ड्यूक, विल्यम कॅव्हेंडिश. झार इंग्लंडला येतोय म्हटल्यावर ड्यूकसाहेबांनी ठरवलं की आपल्या चॅट्सवर्थच्या बागेत असं कारंजं उडालं पाहिजे की झारने मान वर करून बघत राहावं. मग डोंगरमाथ्यावर आठ एकरांचा तलाव खणला गेला, तिथपासून खाली बंगल्यापर्यंत लोखंडी नळ टाकला गेला, आणि हे सगळं अवघ्या सहा महिन्यांत उरकलं. झार इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला त्याचं येणं झालं नाही. कारंज्याला मात्र त्याचंच नाव राहिलं: एम्परर फाउंटन, म्हणजे सम्राटाचं कारंजं. त्याची धार २९६ फूट, म्हणजे ९० मीटर उंच गेल्याची नोंद आहे. साधारण तीस मजली इमारत डोळ्यांसमोर आणा.

आता गंमत अशी की या कारंज्याला पंप नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. मग पाणी एवढं वर चढतं कसं?

याचं उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातच आहे. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारा रोज कुरकुरतो की शॉवरला नुसती करंगळीएवढी धार येते. तळमजल्यावरच्याच्या नळाला मात्र बादली क्षणात भरते. पाणी तेच, टाकी तीच, पाइपही तोच. फरक एवढाच की तळमजला टाकीपासून जास्त खाली आहे. उभ्या पाइपातल्या पाण्याचं वजन खालच्या तोटीवर पडतं. दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो, असा हा सरळ हिशोब. चार मजली इमारतीत तळाला जेमतेम सव्वा किलोचा दाब मिळतो. चॅट्सवर्थचा तलाव कारंज्यापेक्षा सुमारे ३५० फूट, म्हणजे १०७ मीटर उंचावर आहे. तिथे हाच दाब साडेदहा किलोच्या घरात जातो. या दाबाने तोंडातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग काढला तर तो ताशी दीडशे किलोमीटरच्या वर भरतो. वेगवान गोलंदाजाने जीव तोडून टाकलेला चेंडू जेवढ्या वेगाने जातो, तेवढ्या वेगाने हे पाणी सरळ आभाळाकडे निघतं.

पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत परत चढू पाहतं, एवढंच यातलं शास्त्र. १०७ मीटरवरून आलेलं पाणी खरं तर १०७ मीटर चढायला हवं. चढतं ९०. उरलेले सतरा मीटर गेले कुठे? थोडे नळाच्या आतल्या भिंतींना घासून गेले. थोडे हवेने खाल्ले, कारण धार वर जाताना तिचे थेंब होतात आणि थेंबांना हवा अडवते. शिवाय वरून परतणारं पाणी चढणाऱ्या पाण्याच्या डोक्यावरच पडतं. म्हणून नळ जाड लागतो. अरुंद नळात पाण्याचा मोठा भाग भिंतीला चिकटून घासत जातो, रुंद नळात मधलं पाणी मोकळं धावतं. तोंड मात्र निमुळतं ठेवायचं. बागेला पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर आपण अंगठा दाबतो, तसं. पण अंगठा दाबल्याने नवा जोर तयार होत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. पाइपात पाणी सावकाश चाललं की घासणं कमी होतं, आणि वाटेत वाया जाणारा जोर तोंडापर्यंत शिल्लक राहतो.

आणखी एक धोका असतो. नळ झटकन बंद केला की भिंतीतल्या पाइपात धाड असा आवाज येतो, तो ऐकला असेलच. धावतं पाणी एकदम अडलं की ते पाइपाला हातोडा मारतं. घरात नुसता आवाज होतो. पण डोंगरावरून खालपर्यंत भरलेल्या जाड नळातलं सगळं पाणी एका क्षणात अडवलं तर लोखंड फुटेल. म्हणून अशा कारंज्याचा व्हॉल्व्ह एका झटक्यात फिरवायचा नसतो; हळूहळू उघडायचा आणि त्याहून हळू बंद करायचा.

हे ज्ञान विलायतेतच जन्मलं असं कुणी समजू नये. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं गेलं, आणि शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं त्याच पाण्यावर उडत असे. त्या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी बांधलेल्या मनोऱ्यांना पुणेकर उच्छ्वास म्हणतात. किती नेमका शब्द! आत कोंडलेली हवा बाहेर पडायची तिथून. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या खडकीत, नहर आणली होती. तत्त्व सगळीकडे एकच: वर साठवा, झाकून खाली आणा. फरक पडतो तो नळाच्या ताकदीमुळे. खापरी नळ किंवा दगडचुन्याची मोरी साडेदहा किलोचा दाब सोसू शकत नाही, सांधे सुटतात. त्यामुळे आपली कारंजी अंगणात शोभतील एवढीच उडाली. चॅट्सवर्थच्या कारंज्याला बिडाचा नळ मिळाला, आणि तो ओतणारे कारखाने तोवर इंग्लंडात जागोजागी धडधडत होते. झारला दाखवायचं होतं ते खरं म्हणजे हेच असावं, असं मला वाटतं.

आता जागेची ओळख. चॅट्सवर्थ डर्बीशायर परगण्यात, डरवेंट नदीच्या काठी आहे. १५४९ पासून ती कॅव्हेंडिश घराण्याची मालमत्ता. आज दिसणारी हवेली मुख्यतः पहिल्या ड्यूकने १६८७ ते १७०७ या काळात बांधली. समोर पश्चिमेला नदी, पाठीशी पूर्वेला चढत गेलेला डोंगर, आणि डोंगरावर ओलसर माळरान. बाग १०५ एकरांची. पाठचा डोंगर हीच या बागेची खरी पुंजी आहे. सपाटीवर वाडा बांधणाऱ्याला पाणी उडवायचं तर ते आधी उपसावं लागतं. फ्रान्सच्या राजाने व्हर्सायला हाच खटाटोप केला आणि नदीचं पाणी वर चढवायला चाकांचं अवाढव्य यंत्र उभारलं. चॅट्सवर्थला माळरानावर पडलेला पाऊस चर खणून तलावात वळवला की झालं. पुढचं काम डोंगर करतो.

तलाव गळू नये म्हणून काय करायचे? त्या काळात इंग्लंडात शोभेच्या तळ्यांच्या तळाला चिकणमाती पसरून ती पाणी घालत तुडवत, मळत. आपल्या कोकणात भातलावणीआधी चिखलणी करतात, तेच. नांगरून, पाणी कोंडून, तुडवून मातीतल्या बारीक फटी बुजवल्या की पाणी खाली जिरत नाही. आपण भातासाठी करतो, त्यांनी तळ्यासाठी केलं.

सम्राटाच्या कारंज्याच्या दीडशे वर्षं आधीपासून इथे आणखी एक पाण्याचा खेळ आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो जास्त आवडतो. हिरव्या उतारावरून दगडी पायऱ्यांवर पाणी उतरतं, त्याला नुसतंच कॅस्केड म्हणतात. ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतज्ज्ञाने ते १६९६ मध्ये पुरं केलं आणि नंतर लगेचच ते वाढवून पुन्हा बांधलं गेलं. माथ्यावर टॉमस आर्चरने आखलेली छोटी देवळासारखी वास्तू आहे. तिच्या छपरावरून आणि कोरीव माशांच्या तोंडांतून पाणी पडतं, तिथून ते पायऱ्यांवर येतं. पायऱ्यांचे २४ गट आहेत आणि प्रत्येक गट वेगळा. कुठे पायरी रुंद, कुठे अरुंद, कुठे गटात पायऱ्या जास्त, कुठे कमी.

वेगळेपणा कशासाठी? कानासाठी. पडणारं पाणी खाली आपटताना हवा ओढून नेतं, त्या हवेचे बुडबुडे थरथरतात आणि आवाज होतो. उंचावरून जाड पडदा पडला की घोगरा आवाज, बुटक्या पायरीवरून पातळ थर घरंगळला की खळखळ. सगळ्या पायऱ्या सारख्या असत्या तर एकसुरी घरघर ऐकू आली असती. इथे उतारावरून चालत गेलं तर आवाज पावलागणिक बदलतो. बागवान सुरावटीचाही विचार करतो, हे आपल्याला सहसा सुचत नाही.

पायऱ्यांचं दुसरं काम जास्त व्यवहारी आहे. गुळगुळीत उतारावरून सोडलेलं पाणी तळाशी पोचेपर्यंत एवढा वेग घेतं की खालची जमीन खरवडून काढेल. प्रत्येक पायरी त्याचा थोडा थोडा जोर मोडते. धरणाच्या सांडव्याला काही ठिकाणी पायऱ्या असतात, त्या याच कारणासाठी. पांढरा फेस म्हणजे पाण्याचा खर्च झालेला जोर.

आणि कॅस्केडच्या तळाशी पाणी चक्क गायब होतं. शेवटच्या पायरीनंतर हौद नाही, ओढा नाही. पाणी जमिनीत शिरल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ते नळातून दक्षिणेच्या हिरवळीखाली जातं आणि तिथलं समुद्री घोड्यांचं कारंजं उडवतं. तिथून पुन्हा भूमिगत होऊन पश्चिमेच्या बागेतल्या कारंज्यात, आणि मग नदीत. एकाच पाण्याकडून तीनदा काम! आधी कपडे धुवायचे, त्याच पाण्याने अंगण धुवायचं आणि उरलेलं झाडांना घालायचं, असा जो हिशोब आपल्या आज्या करायच्या, तोच. तीनशे वर्षांची दगडी पायऱ्यांची रचना अर्थातच गळते. पाणी सांध्यांत शिरतं, दगडाखालची माती वाहून नेतं, दगड खचतो, सांधा आणखी रुंदावतो. अलीकडे गळतीमुळे कॅस्केडचं पाणी थांबवून मोठ्या दुरुस्तीचा घाट घालावा लागला.

विलो वृक्षाचं कारंजं हा त्यामानाने पोरखेळ. धातूचं झाड, प्रत्येक फांदीत बारीक नळ्या, आणि दडवलेली तोटी फिरवली की जवळ आलेल्या पाहुण्यावर झाडातून पाऊस. पहिलं झाड सतराव्या शतकाच्या शेवटी बसवलं होतं, ते झिजल्यावर त्याच्या जागी दुसरं आलं. १८३२ मध्ये तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया इथे आली होती, तेव्हा तिला म्हणे हे झाडच फार आवडलं. तेराव्या वर्षी मलाही तेच आवडलं असतं.

इथवर वाचताना एक गोष्ट लक्षात आली असेल. प्रत्येक ठिकाणी काहीतरी लपवलेलं आहे. तलाव झाडीमागे, नळ हिरवळीखाली, तोटी झुडपाआड. अशा बागेची कारागिरी फुलांत कमी आणि लपवण्यात जास्त असते. पाहुण्याला फक्त परिणाम दिसला पाहिजे, कारण दिसता कामा नये. मग ही चटक वाढत गेली. १७०२ मध्ये हवेलीच्या दक्षिणेला लांबलचक आयताकृती तळं खोदलं, त्यासाठी तिथली टेकडी काढून टाकली. टेकडी डोळ्याच्या वाटेत येत होती, एवढाच तिचा अपराध. आता तळ्याच्या दूरच्या टोकाला उभं राहिलं की हवेली पाण्यातून वर आल्यासारखी दिसते. पुढे सम्राटाचं कारंजं याच तळ्यात बसवलं.

लपवण्याच्या या कलेतला माझा सगळ्यात लाडका नमुना मात्र दुसऱ्या एका इस्टेटीवर बघायला हवा, बकिंगहॅमशायरमधल्या स्टो इथे. नाव ऐकून हसू येईल: हाहा. खरंच, त्याला हाहा म्हणतात.

अडचण अशी होती. अठराव्या शतकात इंग्रजांना कातरलेल्या कुंपणांचा आणि भूमितीच्या आकृत्यांचा कंटाळा आला. दिवाणखान्याच्या खिडकीतून थेट रानापर्यंत हिरवळ पसरलेली हवी, मध्ये कुंपण नको, आणि हिरवळीवर मेंढ्या चरताना दिसल्या तर फारच छान. मेंढ्यांचा उपयोगही होता. गवत कापायचं यंत्र १८३० पर्यंत निघालंच नव्हतं. तोवर एक तर माणसांनी कोयत्यांनी कापायचं किंवा जनावरांनी खायचं. पण कुंपण नाही म्हटल्यावर हीच मेंढी गुलाबाच्या वाफ्यात येणार. तिला अडवायचं पण अडवलेलं दिसू द्यायचं नाही, हे कसं जमवायचं?

तर भिंत बांधायची, पण जमिनीच्या वर नाही, खाली. एक लांब खंदक खणायचा. त्याची बंगल्याकडची बाजू उभी, दगडांनी बांधलेली. रानाकडची बाजू मात्र हलक्या उताराची, गवताने झाकलेली. भिंतीचा माथा हिरवळीच्या पातळीला. मेंढी रानातून चरत उतरते, तळाशी येते आणि समोर दगडी भिंत बघून माघारी फिरते. बंगल्यातून बघणाऱ्याची नजर मात्र खंदकावरून सरळ निघून जाते. अलीकडचं आणि पलीकडचं गवत एकाच पातळीत असल्याने मधली फट डोळ्याला दिसतच नाही. फट कळते ती अगदी काठावर आल्यावर. तेव्हा तोंडातून जो चकित उद्गार निघतो, त्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात. प्राणिसंग्रहालयात वाघ आणि आपल्यामध्ये गज नसून खंदक असतो आणि वाघ मोकळ्यावर बसल्यासारखा वाटतो, ती युक्तीही हीच. स्टोला १७२०च्या दशकात चार्ल्स ब्रिजमनने हाहा खणले आणि मग इंग्लंडभर त्यांची लाट आली.

त्याच स्टोला १७४१ मध्ये लान्सलॉट ब्राउन नावाचा तरुण माळी कामाला लागला. पुढे हा मनुष्य इंग्लंडचा सगळ्यात मागणी असलेला बागरचनाकार झाला. कुठलीही जमीन बघितली की तिच्यात भरपूर वाव आहे म्हणायची त्याला सवय होती. त्यामुळे लोक त्याला केपेबिलिटी ब्राउनच म्हणू लागले. १७६०च्या सुमारास चौथ्या ड्यूकने त्याला चॅट्सवर्थला बोलावलं. ब्राउनने जुन्या आखीव बागेचा बराच भाग पुसून हिरवळ केली, नदीचं पात्र रुंद दिसेल असं केलं, झाडांचे पुंजके लावले. आज तिथलं दृश्य बघून कुणालाही वाटतं, काय सुंदर निसर्ग आहे! तो निसर्ग मजुरांनी टोपल्यांनी माती वाहून केला आहे. कॅस्केड तेवढं त्याच्या हातून वाचलं, ही कृपाच.

पण खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींत एक गावही होतं. एडेन्सर. चौथ्या ड्यूकच्या काळापासून त्यातली घरं पाडायला सुरुवात झाली, आणि सहाव्या ड्यूकने १८३८ नंतर उरलेलं गाव टेकाडाआड, नव्या देखण्या घरांत हलवलं. जुन्या जागी एकच घर राहिलं. ते आजही भिंतीने वेढलेल्या बागेत एकटं उभं आहे. नवी घरं जुन्यांपेक्षा नक्कीच चांगली होती, हे कबूल करायला हवं. पण धरणात गाव गेलेल्या माणसाला विचारा, चांगलं घर मिळालं म्हणून हलणं सोपं जातं का. आणि इथे तर धरणही नव्हतं, नुसतं दृश्य होतं.

या सगळ्या खेळाचा सर्वांत मोठा उस्ताद जोसेफ पॅक्स्टन. शेतकऱ्याचा मुलगा. ९ मे १८२६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, चॅट्सवर्थचा मुख्य माळी म्हणून तो पहाटे साडेचारला पोचला. दार बंद, म्हणून फाटकावरून उडी मारून आत. सूर्य वर येईपर्यंत बागभर फिरून घेतलं, सहाला मजुरांना कामाला लावलं, एकाला पाण्याचे खेळ सुरू करून दाखवायला सांगितलं, आणि मग न्याहारीला घरव्यवस्थापिका बाईंकडे गेला. तिथे तो त्यांच्या भाचीच्या प्रेमात पडला आणि भाची त्याच्या. हे सगळं सकाळी नऊच्या आत! नऊ वाजेपर्यंत आपला दुसरा चहा व्हायचा असतो. त्याला नेमणारा ड्यूक तेव्हा तिथे नव्हता; तो निघाला होता रशियाला, नव्या झारच्या राज्याभिषेकाला. म्हणजे कारंज्याची कथा खरं तर त्या वर्षीच सुरू झाली.

पॅक्स्टनने प्रचंड शिळा एकावर एक रचून कृत्रिम कडे उभारले. त्यातला वेलिंग्टन रॉक ४५ फूट उंच आहे आणि त्यावरून धबधबा पडतो. खडक खरे, रचना खोटी. सह्याद्री बघितलेल्या माणसाला त्याचं फार कौतुक वाटणार नाही, पण क्रेन नसताना कप्प्या आणि दोरांनी हे केलं, हे विसरू नये.

त्याचं खरं नवल होतं काचघर. ग्रेट कंझर्व्हेटरी, १८३६ ते १८४०. सुमारे पाऊण एकर जमीन काचेखाली, आत ताडामाडांची झाडं, आणि मधला रस्ता एवढा रुंद की राणीची घोडागाडी आतून जाई. डर्बीशायरच्या हिवाळ्यात माडाला कोकणाची ऊब द्यायची म्हणजे चेष्टा नाही. जमिनीखाली आठ बॉयलर होते आणि त्यांतलं गरम पाणी सात मैल लांबीच्या नळांतून फिरे. बॉयलरला कोळसा लागणार, कोळशाच्या गाड्या बागेत दिसणार. त्या दिसू नयेत म्हणून जमिनीखालून बोगदा काढला आणि आत रूळ टाकले. पाहुणे वर केळीखाली फिरत, आणि त्यांच्या पायांखालून काळवंडलेली माणसं कोळसा ढकलत.

१८४३ मध्ये व्हिक्टोरिया आली, आता राणी होऊन. रात्री काचघरात हजारो दिवे लावले होते. बरोबर ड्यूक ऑफ वेलिंग्टन होते, वॉटर्लूचे विजेते आणि त्याआधी आपल्याकडे असईला मराठ्यांशी लढलेले. हिंदुस्थानातल्या लढाईत रसद, बैल आणि रस्ते यांचा हिशोब ठेवूनच ते मोठे झाले होते. सांगतात की एवढे दिवे काढतात कसे, हे बघायला ते दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून बागेत गेले. तिथे एक दिवा नाही, तुडवलेलं गवत नाही, वाळलेलं पान नाही. रात्रीत सगळं साफ. हा पॅक्स्टन माझ्या फौजेत सेनापती म्हणून हवा होता, असं काहीसं म्हातारबुवा म्हणाल्याची कथा आहे. कथेत थोडं मीठमसाला असेल. पण काय बघायचं ते या एकाच पाहुण्याला कळलं होतं.

काचेखालच्या केळीचा उल्लेख वर ओझरता आला, तिच्यापाशी थांबायला हवं, कारण तिचा धागा जळगावपर्यंत येतो. पॅक्स्टनने १८३०च्या आगेमागे मॉरिशसकडून आलेल्या बुटक्या केळीचं रोप मिळवलं आणि उबदार काचघरात वाढवलं. १८३५च्या नोव्हेंबरात ती व्याली, पुढच्या वर्षी शंभरावर केळी धरली. मालकाच्या आडनावावरून तिचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं: मुसा कॅव्हेंडिशी. तेच कॅव्हेंडिश आज जगाच्या बाजारातल्या बहुतेक निर्यातीच्या केळ्यांचं नाव आहे. जळगावची जुनी बसराई आणि आता रावेर-यावलमध्ये सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन, दोन्ही याच कुळातल्या. आपली रोपं चॅट्सवर्थहून आली असं नव्हे. हे कुळ मुळात आशियातलं, आणि इकडे ते आपल्या वाटांनी पोचलेलं. पण केळीच्या वखारीत कुणी कॅव्हेंडिश म्हटलं, की ते नाव डर्बीशायरच्या त्या घराण्याचं.

काचघराचं पुढे काय झालं? पहिल्या महायुद्धात माणसं लढाईवर गेली, कोळसा मिळेना. बॉयलर विझले आणि झाडं थंडीने मेली. १९२० मध्ये ते पाडायला घेतलं तर पडेना. सुरुंग पुन्हा पुन्हा लावावे लागले. आता तिथे फक्त पायाच्या भिंती उरल्या आहेत आणि त्यांच्या आत, १९६२ मध्ये १,२०९ यू झाडं लावून केलेला भुलभुलैया. मुलं त्यात वाट चुकतात आणि आईबाप बाहेर बाकावर बसून राहतात.

कारंज्याला मात्र कोळशाची गरज कधीच नव्हती. ते अजून उडतं, जरी पाणी पुरवून वापरायचं म्हणून रोज पूर्ण उंचीवर सोडत नाहीत. १८९३ मध्ये डोंगरावरच्या पाण्याचा दाब टर्बाइनवर सोडून हवेलीत विजेचे दिवे लावले गेले. १९३६ पर्यंत हवेली त्यावर उजळत होती, मग बाहेरची वीज आली. १९८८ मध्ये नवं टर्बाइन बसवलं, आणि डोंगरावरचं पाणी पुन्हा वीज करू लागलं.